चौथी खोली कुणाची?

मावशी,
आम्ही दोघं गेले चौदा महिने घर शोधतोय. आम्ही दोघं आणि सहा वर्षांची मुलगी, म्हणून तीन खोल्या पुरे असं ठरवून सुरुवात केली. आजवर एकतीस घरं बघितली. नवऱ्याने एक्सेल केलंय, त्यात चौदा रकाने आणि प्रत्येक घराला गुण. सासूबाई गेल्यापासून सासरे एकटेच असतात. सुरुवातीच्या रकमेत ते भर घालणार आहेत, त्यामुळे घर बघायलाही येतात. पण येऊन करतात काय, तर बाथरूमचा उंबरठा बघतात, नाहीतर जिना बघून खालीच उभे राहतात. परतताना एक शब्द बोलत नाहीत. तेविसावं घर आम्हा दोघांना आवडलं होतं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, पण उजेड इतका की मुलगी तिथून निघेना. रात्री नवरा म्हणाला, एवढं पटकन आवडलं म्हणजे काहीतरी गोम असणार. आठवड्याभरात ते विकलं गेलं आणि त्यावरून आमची अजून भांडणं होतात. मला घरून काम करायला दार लावता येईल अशी जागा हवी, तेव्हा आता चौथ्या खोलीशिवाय घर घेण्यात अर्थच नाही. बँक देईल तेवढं सगळं कर्ज घेऊ, असं नवरा म्हणतो. मला त्या हप्त्याची धडकी भरते. आता एकतिसाव्या घराचा एजंट म्हणतोय, रविवारपर्यंत टोकन द्या, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. देऊ का? आणि घर निवडायची काही नीट पद्धत असते का?
— एकतीस घरांची पाहुणी

टोकन देऊ नका, हे तुला मी त्याच दिवशी एका ओळीत कळवलं होतं. हे छापून येईपर्यंत तो रविवार उलटला असेल. ते घर गेलं असेल तर जाऊ दे. दुसरं गिऱ्हाईक प्रत्येक घराला असतं, कधीकधी खरंसुद्धा असतं, पण त्याच्या घाईने तुमचं मन तयार होत नाही. यापुढे कुठेही टोकन देताना एवढं बघा: व्यवहार फिसकटला तर ते कधी परत मिळेल आणि कधी नाही, हे आधी कागदावर आलं पाहिजे. तोंडी 'मिळतील हो परत' याला काडीची किंमत नाही.

आता पत्राकडे. मी ते दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. सुरुवातीला खोल्या तीन आहेत. शेवटाकडे येईपर्यंत चार झाल्या. ही चौथी कधी आली आणि तिच्यात कोण झोपणार, हे मधे कुठेही लिहिलेलं नाही. तू म्हणतेस, ती तुझ्या कामाची. असेल. मग तुझे सासरे बाथरूमचा उंबरठा कुणासाठी बघतात?

गुडघे कुरकुरायला लागलेला माणूस नव्या जागेत आधी काय बघतो, ते मला हल्ली स्वतःवरून कळतं. पायऱ्या किती, कठडा कुठल्या हाताला, रात्री उठलं तर पाय कुठे अडेल. हातभार लावणारा पाहुणा म्हणून आलेला माणूस किंमत विचारेल, खिडकीतून काय दिसतं ते बघेल. उंबरठा बघत नाही. तुझे सासरे त्या घरांत मनाने राहून बघतायत, आणि जिन्यापाशी आले की त्यांना उत्तर मिळतं. कुणी विचारलंच नाही तर ते सांगणार कुणाला? म्हणून परतताना गप्प.

तेविसाव्या घरात गोम होतीच. तिसरा मजला, लिफ्ट नाही. ती तुझ्या नवऱ्याला दिसली, पण तिचं नाव त्याला घेता येईना. म्हणून 'पटकन आवडलं' हे कारण सापडलं. त्याचं एक्सेल एकदा उघडून बघ. चौदा रकान्यांत शाळेचं अंतर असेल, पाण्याची सोय असेल, गाडी लावायची जागा असेल. 'घरात माणसं किती' असा रकाना आहे का? मी पैज मारते, नाही. चुकत असेन तर कळव, पुढच्या वेळी इथेच कबूल करीन.

कुठल्याही घराला 'हो' म्हटलं की हा विषय काढावा लागतो. 'नाही' म्हटलं की पुढच्या रविवारपर्यंत ढकलता येतो. तुम्ही तो एकतीस वेळा ढकललात. एकट्या नवऱ्यावर खापर फोडू नकोस, कारण कामाची खोली तूही अशीच मधेच घुसवली आहेस. 'मला हवी' असं सरळ न म्हणता 'आता अर्थच नाही' असं लिहिलंस. अजून विकतही न घेतलेल्या एका खोलीवर तुम्ही दोघं, आणि बहुधा बाबाही, न बोलता रुमाल टाकून बसला आहात.

तू पद्धत विचारलीस. आहे, आणि गणितात ती चांगलीच गाजलेली आहे. १९६० साली ती एका विज्ञान मासिकाच्या कोड्यांच्या सदरातून लोकांपुढे आली. उमेदवार एकामागून एक येतात, नाकारलेला परत येत नाही, एकच निवडायचा. तर थांबायचं कधी? उत्तर असं की एकूण जितके बघायचे आहेत त्यांतले पहिले ३७ टक्के नुसते बघून सोडून द्यायचे आणि त्यानंतर आधीच्या सगळ्यांहून चांगला असा जो पहिला येईल तो पकडायचा. एकतीस घरांत हे गणित बाराव्या घराच्या आसपास 'आता तयार राहा' म्हणतं. पण त्याची खरी गंमत पुढे आहे. इतकी काटेकोर पद्धत पाळूनही सर्वांत उत्तम तेच हाती लागण्याची शक्यता ३७ टक्क्यांच्याच घरात राहते. म्हणजे सर्वोत्तम घर हुकणं हा कुणाचाच गुन्हा नाही, तेविसाव्यावरून चाललेली भांडणं थांबवा. आणि दुसरं असं की त्या कोड्यात निवडणारा माणूस एकच असतो आणि त्याला काय हवं ते त्याला पक्कं माहीत असतं. तुमच्याकडे निवडणारे तीन आहेत, चौथी सहा वर्षांची, आणि काय हवं ते एकमेकांना माहीत नाही. त्यावर गणित काही करू शकत नाही.

म्हणून एक महिना घरं बघणं बंद. एजंटचे फोन आले तर बाहेरगावी आहोत म्हणून सांगा. एवढं खोटं मी माफ करते.

त्या महिन्यात पहिलं काम दोघांनी वेगवेगळ्या खोलीत बसून करायचं. (दोनच खोल्या असतील तर एकाने जिन्यात बसावं.) 'घर कसं हवं' याची यादी करू नका, याद्यांनी तुमचं डोकं आधीच भरलंय. पाच वर्षांनंतरचा एक साधा मंगळवार लिहा. सण नाही, सुट्टी नाही, पाहुणे नाहीत. सकाळी पहिलं कोण उठतं? बाथरूमपुढे कोण ताटकळतं? तुला दहा वाजता ऑफिसचा फोन आला की कुठलं दार लावून घेतेस? मुलगी तेव्हा अकरा वर्षांची असेल. ती शाळेतून येते तेव्हा दार कोण उघडतं? संध्याकाळी दिवे कुणी लावले? माणसांची नावं लिहायची, सामानाची नाही. मग कागद अदलाबदल करा आणि ती संध्याकाळ त्यावर काही बोलू नका. बोलणं दुसऱ्या दिवशी.

माझा अंदाज, त्याच्या मंगळवारी दार बाबा उघडतील. तुझ्या मंगळवारी कोण उघडतं, ते मला पत्रावरून खरोखर ओळखता आलं नाही.

तुझ्या कागदावर ते नसतील तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. नको असेल तर नको म्हणायचा हक्क तुला आहे आणि तो घर घेण्याआधीच वापरायचा असतो. रंग दिल्यावर नव्हे. पण 'नको' म्हणजे नेमकं काय नको, ते सांग. चोवीस तास एका छताखाली नको? एकच बाथरूम नको? तुझ्या कामाच्या वेळात घरात वावर नको? या तिन्हींची उत्तरं निरनिराळी आहेत. बाथरूम लागून असलेली वेगळी खोली हे एक. पाच मिनिटांच्या अंतरावर छोटी भाड्याची जागा, हे दुसरं. वर्षातले काही महिने इथे, काही तिथे, हे तिसरं, फक्त आधी ठरवून. मला विचारशील तर पैशाचा मेळ बसत असला तर मोठ्या घरातल्या अबोल्यापेक्षा जवळजवळची दोन लहान घरं बरी. मेळ बसत नसेल तर खोली एकच असो, पण तिचा धनी आधी ठरलेला असो. सकाळी कामाची आणि रात्री बाबांची, अशी पाळीची खोली करू नका; ती दोघांनाही परकीच राहते.

मग बाबांना विचारायचं, आणि ते तुझ्या नवऱ्याने, एकट्याने. सुनेने 'तुम्ही आमच्याकडे राहायला येणार का' असं विचारलं की त्यात 'येऊ नका' ऐकू येतं, तू कितीही मनापासून विचारलंस तरी. त्याने विचारताना घराचं निमित्त करू नये. आई गेल्यापासून दिवस कसे जातात, इथून सुरू करावं. कदाचित ते म्हणतील, मला माझी जागा सोडायचीच नाही, मी आपला सवयीने उंबरठा बघत होतो. तसं झालं तर माझं अर्धं पत्र फुकट गेलं आणि तुमची एक खोली वाचली.

त्याच बोलण्यात पैशाचं निघू दे. ते घालणार आहेत ती रक्कम भेट आहे, उसनी आहे, की घरातला हिस्सा? तिन्ही वेळा नोटा सारख्याच दिसतात आणि दहा वर्षांनी त्यांतून तीन वेगळी भांडणं उगवतात. भेट असेल तर तसं दोन ओळींत लिहून घ्या. उसनी असेल तर कधीपासून, किती, ते लिहा. तुमचा हप्ता ठरवताना ही परतफेडही मोजावी लागेल. हिस्सा असेल तर खरेदीखतावर त्यांचं नाव यायला हवं आणि आधी वकिलाला विचारायला हवं. नवऱ्याला भावंडं आहेत की नाही, ते तू लिहिलं नाहीस. असतील तर त्यांच्या कानावर हे आत्ताच घाला, ते दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत. आणि हप्ता दोघांच्या कमाईतून जाणार असेल तर कागदावर नावंही दोघांची. यावर मी चर्चा करत नाही.

आता तुझी धडकी. ती अगदी बरोबर जागी भरली आहे. बँक सांगते तो आकडा म्हणजे तुमच्याकडून वसूल होऊ शकेल असं बँकेला वाटतं ते जास्तीत जास्त कर्ज. तेवढं घेऊन तुम्ही सुखाने राहाल, असं बँक कुठेच म्हणत नाही. मुद्दल शंभर धर, व्याज वर्षाला ८ टक्के, मुदत २० वर्षं. शेवटपर्यंत तुम्ही जवळपास दोनशे भरता. पहिल्या हप्त्यातल्या दर १०० रुपयांपैकी ८० नुसत्या व्याजात जातात. पाच वर्षं इमानाने भरून मुद्दलातले फिटतात साडेबारा. निम्मं मुद्दल फिटायला साडेतेरा वर्षं लागतात. तुझी मुलगी तेव्हा विशीला टेकलेली असेल. हेच कर्ज १५ वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण १४ टक्क्यांनी वाढतो, पण एकूण भरणा १७२ वर येतो. आणि दर बदलता असेल, तो ८ चा ९ झाला आणि मुदत तीच ठेवली, तर हप्ता साडेसात टक्क्यांनी चढतो. नवऱ्याला म्हणावं, तुझ्या एक्सेलला हे गणित घाल, तिथे ते शोभेल.

याहून सोपी परीक्षाही आहे. जो हप्ता त्याला झेपेल असं वाटतं, त्यातून आत्ताचं भाडं वजा करा आणि उरलेली रक्कम पुढचे सहा महिने दर एक तारखेला वेगळ्या खात्यात टाका. तिला हात लावायचा नाही. सहा महिने निभावलं तर तू तुझी धडकी आवर. तिसऱ्याच महिन्यात हात लागला तर आकडा खाली आणायचा, वाद न घालता. कसंही झालं तरी काही रक्कम जमलेली असेलच. ती नोंदणी, कर, वकील, रंगकाम आणि सामान हलवणं यांना लागेल. हे खर्च घराच्या किमतीत कुणी सांगत नाही आणि ते सगळे एकाच महिन्यात येतात.

किमतीवरून आठवलं. १९८७ साली ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट आणि मार्गारेट नील या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या ॲरिझोनात एक खरं घर विद्यार्थ्यांना आणि घरांच्या मुरलेल्या एजंटांना दाखवलं. घर तेच, माहितीचे कागद तेच, फक्त मालकाने मागितलेली किंमत प्रत्येक गटाला वेगळी सांगितली. ज्यांना मोठा आकडा सांगितला त्यांनी घराचं मोलही जास्त केलं. विद्यार्थी तर फसलेच, एजंटही फसले. वर एजंट म्हणाले, मागितलेल्या किमतीकडे आम्ही फारसं बघितलंच नाही! तेव्हा तुम्ही एवढंच करा: एजंटकडून आधी फक्त 'आमच्या मर्यादेत बसतं का' एवढं ऐकून घ्या, घर बघा, बाहेर आल्यावर दोघांनी आपापल्या चिठ्ठीवर किंमत लिहा आणि मगच त्याचा आकडा ऐका. दोन चिठ्ठ्यांत फार अंतर पडलं तर त्यावर बोला. तिथे बहुतेक वेळा एखादी खोली निघते.

महिन्यानंतर पुन्हा बाहेर पडाल, तेव्हा घर नुसतं हिंडून बघू नका. यात माझे हात पोळलेले आहेत. आम्ही घर घेतलं तेव्हा मी खिडकीवर भाळले होते. बाथरूमच्या भिंतीला लागून मालकाचं मोठं लाकडी कपाट होतं, छान होतं, मी त्याचं कौतुकसुद्धा केलं. ताबा मिळाला, कपाट गेलं, आणि मागे कमरेपर्यंत ओल. पोपडे आणि मिठासारखी पांढरी पूड. ती पूड म्हणजे भिंतीतलं पाणी वाळताना मागे राहिलेले क्षार, हे नंतर गवंड्याने सांगितलं. जमिनीतून चढणारी ओल साधारण मीटरभर उंचीपर्यंत जाते. तीच वरून, छताच्या कोपऱ्यातून दिसत असेल तर वरची गळती शोधायची. तेव्हा कपाटं सरकवायला सांगा. मालक नाही म्हणाला तर तेही एक उत्तरच. चार भिंती जुन्या आणि एकच ताजी रंगवलेली असेल तर तिच्यापुढे जरा जास्त वेळ उभं राहा. केसासारख्या बारीक भेगा गिलाव्याच्या असतात, त्यांना घाबरू नका. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, बोटाचं टोक शिरेल एवढी भेग असेल तर इंजिनियरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. स्वयंपाकघरातला आणि बाथरूममधला नळ एकाच वेळी सोडून धार टिकते का ते बघा.

आणि आवडलेल्या घरी तीनदा जा: कामाच्या दिवशी संध्याकाळी, रात्री अकराला, आणि जमलं तर पावसात. रात्री अकराला आत जायची गरज नाही. नुसतं खाली उभं राहून ऐकायचं. पश्चिमेच्या खोल्यांत दुपारी तीनला कुणी बसू शकतं का, तेही बघा. तेविसाव्याचा तो उजेड कुठल्या वेळचा होता, हे तुम्ही बघितलं होतं का?

तुझ्या कामाच्या खोलीबद्दल एक, मग पुरे. ती माग, सरळ शब्दांत, बाबांच्या खोलीची आड न घेता. दार लागणारी जागा हवी म्हणजे पूर्ण खोलीच हवी असं नाही. मोठ्या खोलीचा एक भाग दार बसवून वेगळा करता येतो का, हे आता प्रत्येक घरात बघता येईल, कारण चौथी खोली कुणाची हे तोवर ठरलेलं असेल.

बत्तिसावं घर बघायला जाताना टॉर्च घ्या, दोन कोऱ्या चिठ्ठ्या घ्या, आणि बाबा येणार असतील तर घडीची एक खुर्चीही गाडीत टाका. एकतीस वेळा ते खाली उभेच राहिलेत.

— मावशी